यान्तिनाची हिरवी गुझी

व्हेनब्रुगच्या कालव्यावरचा पूल उघडायचा आणि मिटायचा, हे रूलोफ एफ्टिंगचं काम. बोट आली की घंटा द्यायची, रस्त्यावरची दांडी खाली घ्यायची, चाक फिरवून पूल उचलायचा. बोट गेली की तेच सगळं उलट. एकवीस वर्षं तो हे करत आला होता आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. सहा फूट चार इंच उंच, हातापायांनी दणकट आणि बोलायला अगदी मोजका. नेदरलँड्सच्या या ड्रेंथ भागातली माणसं तशीही फार बोलत नाहीत, पण रूलोफ त्यांच्यातही घुम्यात जमा व्हायचा.

मोटरसायकलचा विषय निघाला की मात्र गावात शब्द त्याचा चाले. कुणाला गाडी घ्यायची असली की तो आधी पुलावरच्या केबिनमध्ये येऊन विचारी, "शनिवारी येतोस का जरा?" रूलोफ जायचा. पहिल्यांदा इंजिनाला तळहात लावून बघायचा, विकणाऱ्याने आधीच तापवून तर ठेवलेलं नाही ना. मग डोळे मिटून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा. तेलाचा वास घ्यायचा. शेवटी वीस मिनिटं चालवून यायचा, हेल्मेट काढायचा आणि म्हणायचा "घे", नाहीतर "नको". यापलीकडे तिसरा शब्द नाही. त्याने "नको" म्हटलेली गाडी आसपासच्या पाच गावांत कुणी घेत नसे.

त्याची स्वतःची गाडी म्हणजे काळी बीएमडब्ल्यू. ऐंशी साली नवी घेतली, तेव्हापासून तीच. अस्सेन शहरातल्या शर्यतींच्या आठवड्यात सगळ्या युरोपातून मोटरसायकली या रस्त्याने जायच्या आणि पूल उघडा असला की त्याच्या दांडीपाशी शंभर-शंभर गाड्या खोळंबायच्या. त्यातलेही कित्येक जण केबिनशेजारी उभ्या असलेल्या त्या गाडीपाशी येऊन वाकून बघत. रूलोफ खिडकीतून बघत राही, आणि आतून सुखावे.

दर रविवारी नऊ वाजता गावातल्या मोटरसायकल क्लबचे चौदा जण लम्मीच्या कॅफेसमोर जमायचे. कॉफी आणि सफरचंदाचा केक झाला की निघायचं, पुढे रूलोफ. रस्ता तो ठरवायचा, वेग तो ठरवायचा, थांबायचं कुठे तेही तोच. त्याच्या मागच्या सीटवर त्याची बायको यान्तिना. सव्वीस वर्षं ती तिथेच बसत आली होती. ती वाचनालयाची बस चालवायची. पुस्तकांनी भरलेली ती धूड गाडी घेऊन आठवडाभर अकरा गावं फिरायची, अरुंद वळणांवरून मागे घ्यायची, शेतकऱ्यांच्या अंगणात उभी करायची. रविवारी मात्र ती रूलोफच्या पाठीकडे बघत बसायची, आणि त्याची पाठ एवढी रुंद होती की तिला पुढचं काहीच दिसत नसे.

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी, बटाटे आणि घेवड्याच्या शेंगा वाढता वाढता, तिने सांगितलं की आपण मोटरसायकलच्या परवान्याची परीक्षा पास झालो. शिकवणीला जाते आहे हे रूलोफला ठाऊक होतं. चार धडे झाले की कंटाळेल, असं त्याने धरलं होतं.

"पहिल्याच वेळी?" त्याने विचारलं.

"पहिल्याच वेळी."

रूलोफने मान हलवली आणि बटाटा कुस्करत राहिला. तो स्वतः तिसऱ्या वेळी पास झाला होता. क्लबमध्ये त्याने दुसऱ्या वेळी असं सांगून ठेवलं होतं आणि यान्तिनाला खरं माहीत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आताही सांगणार नव्हती. पण सांगू शकते, ही गोष्ट त्या संध्याकाळी त्याच्या डोक्यातून गेली नाही.

रविवारी लम्मीने तिच्यासाठी मोठा केक केला, वर साखरेची छोटी मोटरसायकल. बाकीच्या तेराही जणांनी तिचे हात दाबले. परीक्षकाने काय विचारलं, आठाचा आकडा कसा काढलास, पावसात घाबरलीस का, सगळे विचारत होते आणि ती हसत हसत सांगत होती. रूलोफने केकचे दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "परीक्षक त्या दिवशी खुशीत असणार." कुणी हसलं नाही. लम्मी टेबल पुसता पुसता त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या वेळी नव्हता वाटतं?" त्यावर मात्र सगळे हसले.

गाडी निवडायला अर्थातच रूलोफ सोबत गेला. त्याच्याशिवाय कोण जाणार? तीन शनिवार ते दुकानं पालथी घालत होते. त्याने तिला बारा गाड्यांवर बसवलं. ही जड आहे, हिची सीट उंच आहे, हिचे ब्रेक तुला झेपायचे नाहीत. यान्तिना ऐकून घ्यायची. त्याने दाखवलेल्या गाड्यांवर ती बसायची, दोन्ही पाय जमिनीला टेकवायची आणि शिंप्याकडे माप द्यायला उभं राहावं तशी सरळ बसून राहायची. एकही गाडी तिला आवडली नाही. रूलोफच्या मनात कुठेतरी बरं वाटत होतं. नाही आवडली तर नाही आवडली, मागची सीट आहेच.

चौथ्या शनिवारी ते बायलनला हुमेलच्या दुकानात गेले. हुमेल हा गोल चेहऱ्याचा, दिवसभर कॉफी पिणारा आणि पाजणारा माणूस. रूलोफ आत शिरून ओळीतल्या पहिल्या गाडीपाशी वाकला आणि यान्तिना सरळ दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक हिरवी गुझी उभी होती, इटालियन बनावटीची. साडेसातशेचं इंजिन, दोन सिलिंडर टाकीच्या दोन्ही बाजूंना खांद्यांसारखे बाहेर आलेले. रंग भर उन्हात बाटलीच्या काचेसारखा. चार वर्षांची, एकच मालक.

"हिची किल्ली कुठे आहे?" यान्तिनाने विचारलं. गेल्या तीन शनिवारांत तिने हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

हुमेलने गाडी अंगणात काढून सुरू करून दिली. उभ्या उभ्या जरा अॅक्सिलरेटर दिला की ती गाडी उजवीकडे झुकायची, जशी काही निघण्याची तिलाच घाई. यान्तिना हे बघून मोठ्याने हसली. मग पाय वर घेतले आणि गेली. ना धक्का, ना बिचकणं. कालव्याच्या कडेने तिचा आवाज लांब लांब जात राहिला.

"अर्धा तास दिलाय तिला," हुमेल म्हणाला. "चल, कॉफी घे."

अर्धा तास झाला. रूलोफने दुसरी कॉफी घेतली. पाऊण तास झाला. त्याला काळजी वाटायला लागली, पडली तर नसेल? एक तास झाला तेव्हा काळजीचा राग झाला होता. सव्वा तासाने ती आली. अंगणात वळून थांबली, पाय टेकले, हेल्मेट काढलं.

आणि रूलोफने तिचा चेहरा बघितला.

गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले, डोळे एवढे मोठे. ओठ बोलायला उघडलेले, पण शब्द नाही. सव्वीस वर्षं ती त्याच्याबरोबर मोटरसायकलवर फिरली होती. बेल्जियममधल्या आर्देन्सच्या डोंगरांत, डेन्मार्कच्या किनाऱ्यावर. त्या सगळ्या फिरण्यात हा चेहरा कधी झाला होता की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण ती कायम त्याच्या पाठीमागे होती. आणि आत्ता तो झाला होता तो त्याच्यामुळे नव्हता. त्याने हातातला भरला कप तसाच खाली ठेवला.

त्याला स्वतःचा पहिला दिवस आठवला. वडिलांच्या मित्राची जुनी गाडी, पीटच्या, म्हणजे जळणाच्या मातीच्या, खाणीजवळचा कच्चा रस्ता, वय सतरा. त्या दिवशी घरी येऊन त्याला जेवण गेलं नव्हतं. ते सगळं आता जुनं झालं होतं. दर रविवारी तो निघायचा, चांगलं वाटायचं, पण तसं कधीच नाही. आणि ही पन्नाशीची बाई, त्याचीच बायको, तो पहिला दिवस ताजा ताजा घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

"बघू," तो म्हणाला. "मी एकदा चालवून येतो."

गाडी त्याला लहान होती, गुडघे कोपरांना लागत होते. तरीही गावाबाहेर पडल्यावर दुसऱ्या वळणावर त्याला कळलं की गाडी उत्तम आहे. क्लच लोण्यासारखा, गिअर स्वच्छ पडत होते, हँडल सोडलं तरी रेषा सोडत नव्हती. शोधूनही खोट सापडेना. मोकळ्या रस्त्यावर इंजिनाचा ठेका असा काही लागला की हेल्मेटच्या आत त्याला आपोआप हसू आलं. वीसऐवजी पंचवीस मिनिटं तो फिरला. बायलनच्या पाटीपाशी त्याने ते हसू पुसून टाकलं. पण अंगणात वळेपर्यंत ते पुरतं पुसलं गेलं नव्हतं, आणि हुमेल दारात उभा होता.

यान्तिना धावत पुढे आली. "कशी आहे?"

रूलोफने हातमोजे काढायला बराच वेळ लावला. "क्लच घसरतोय," तो म्हणाला. "आणि कधीतरी आपटलेली आहे. सांगाडा सरळ नाही."

"मला तर काही जाणवलं नाही."

"तुला कसं जाणवेल? तुझी ही पहिली गाडी." मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "नको."

त्या शब्दाचं वजन तिला माहीत होतं. या शब्दावर माणसं पैसे खिशात घालून घरी परत गेलेली तिने बघितली होती. ती गाडीकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने हुमेलला सांगितलं की मंगळवारपर्यंत ही कुणाला देऊ नकोस, मी जरा विचार करते. हुमेलने कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

घरी येताना ती मागच्या सीटवर बसली होती, पण तिचे हात त्याच्या कमरेला नव्हते. सीटमागच्या दांडीला होते.

रविवार सगळा ती त्या गाडीबद्दल बोलत होती. क्लच बदलून मिळत नाही का? सांगाडा तपासून घेता येत नाही का? रूलोफ हो-नाही करत राहिला. एकेक प्रश्न त्याला खुपत होता. सोमवारी सकाळी केबिनमध्ये बसल्या बसल्या त्याने फोन उचलला आणि हुमेलला सांगितलं की आमचा विचार बदलला, गाडी सोडून दे. हुमेल म्हणाला, वाईट वाटलं, बाईंचा जीव जडला होता. रूलोफ म्हणाला, बायकांचं काय. फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. एक बोट येऊन भोंगा वाजवत होती, तिच्याकडे त्याचं पाच मिनिटं लक्षच गेलं नाही.

मंगळवारी यान्तिना बस लवकर लावून बायलनला गेली. गाडी विकली गेली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "कुणीतरी आपल्या नावाने फोन केला म्हणे." तिने रूलोफकडे बघितलं. रूलोफ म्हणाला, "हुमेलचा गोंधळ झाला असेल. कॉफी पिऊन पिऊन डोकं फिरलंय त्याचं." ती कपडे वाळत घालायला गेली.

रविवारी नऊ वाजता लम्मीच्या कॅफेसमोर सगळे जमले होते. यान्तिना नेहमीसारखी रूलोफच्या गाडीवरून उतरली, आणि कोपऱ्यावरून आवाज आला. तिने मान वळवली. तिला तो आवाज ओळखू आला, रूलोफलाही आला. हिरवी गुझी येऊन उभी राहिली आणि तिच्यावरून आल्डर्ट मेन्सिंग उतरला.

आल्डर्ट रस्त्यांवर डांबर घालायच्या कामावर होता. मोठ्या आवाजाचा, मोकळा, मनात एक ओठांवर एक असं काही नसलेला. त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना गोष्ट सांगितली. तो सोमवारी सहज हुमेलकडे गेला होता, टायर बघायला. हुमेलने ही दाखवली. "मी म्हटलं, कशी आहे? तर हुमेल म्हणाला, परवाच रूलोफ एफ्टिंग हिच्यावर पंचवीस मिनिटं फिरून आला आणि येताना हसत होता." आल्डर्टने रूलोफच्या पाठीवर थाप मारली. "रूलोफ हसला! मी म्हटलं, बांध. चालवूनसुद्धा बघितली नाही मी. आणि काय गाडी आहे रे, शोधून खोट सापडायची नाही. तू का नाही घेतलीस?"

कॉफीचे कप तसेच राहिले. सगळे रूलोफकडे बघत होते, उत्तराच्या अपेक्षेने, सहजच. एक यान्तिना सोडली तर कुणाला काही कळलं नव्हतं. ती गाडीकडे बघत होती. मग तिने आपलं हेल्मेट उचललं, लम्मीला म्हणाली की आज डोकं दुखतंय, आणि चालत घराकडे निघाली. रूलोफ दोन पावलं तिच्यामागे गेला. तिने वळून न बघता हात मागे करून त्याला थांबवलं.

त्या दिवशी तो क्लबच्या पुढे राहिला आणि तीन वेळा रस्ता चुकला.

दुपारी तो घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसली होती. त्याने जॅकेट काढून खुर्चीला अडकवलं.

"फोन तू केलास," ती म्हणाली.

"हो."

"क्लच?"

"चांगला होता."

"सांगाडा?"

"सगळं चांगलं होतं, यान्तिना. मी चालवलेल्या गाड्यांत चांगल्यांपैकी होती."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. मग तिने विचारलं, "कशावर जळलास तू? गाडीवर, का माझ्यावर?"

रूलोफ एवढंच म्हणाला की तू परत आलीस तेव्हा तुझा चेहरा बघवला नाही मला. हे बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते किती वाईट आहे हे ऐकू आलं.

"सव्वीस वर्षं," यान्तिना म्हणाली, "मी तुझ्या मागे बसून तुझा आनंद बघितला. चेहरा नाही दिसला मला, पण पाठीवरून कळायचं. मला बरं वाटायचं त्याचं." ती उठली. "संध्याकाळचं तू कर आज. मला भूक नाही."

तिने आरडाओरडा केला असता तर रूलोफला सोपं गेलं असतं. ती नेहमीसारखी कामावर जात होती, जेवायला वाढत होती, हवामानाबद्दल बोलत होती. फक्त रविवारी ती येत नव्हती. पंधरा दिवसांनी तिने सांगितलं की आज मी एक गाडी बघायला जाणार आहे. रूलोफ जॅकेटकडे हात न्यायला लागला. "तू नको येऊस," ती म्हणाली. संध्याकाळी ती एका शाळामास्तराकडून घेतलेली काळी पाचशेची होंडा घेऊन आली. रूलोफने ती अंगणात उभी असलेली खिडकीतून बघितली. साधी गाडी, लाखभर किलोमीटर फिरलेली, टाकीवर पोचा. त्याला विचारलं असतं तर तो "नको" म्हणाला असता, आणि या वेळी खरं म्हणाला असता.

ती बुधवारी दुपारी फिरायची, एकटी. कुठे जाते सांगायची नाही. तो केबिनमध्ये असायचा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शर्यतींच्या दिवसांत, त्याने एका मालवाहू बोटीसाठी पूल उचलला आणि दांडीपाशी गाड्यांची रांग लागली. इटलीचे, इंग्लंडचे, बेल्जियमचे नंबर. रांगेत पहिल्यांदाच त्याला ती काळी होंडा दिसली. यान्तिनाने हेल्मेटची काच वर केली होती आणि शेजारच्या स्वीडिश जोडप्याशी हातवारे करून बोलत होती. ते तिला नकाशा दाखवत होते, ती रस्ता सांगत होती. तिघंही हसत होती. पूल सावकाश खाली यायला चार मिनिटं लागतात. ती चारही मिनिटं रूलोफ चाकावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होता. त्या अनोळखी स्वीडिश माणसाचासुद्धा त्याला हेवा वाटला. दांडी वर गेली. जाता जाता यान्तिनाने केबिनकडे हात हलवला, कुठल्याही पुलावरच्या माणसाला लोक हलवतात तसा.

त्याच रात्री जेवण झाल्यावर तो आल्डर्टकडे गेला आणि त्याने गुझी विकत मागितली. आल्डर्टने साफ नाही म्हटलं. मग डोळे बारीक करून म्हणाला, "पण बदली करायची असेल तर बोल. तुझी काळी. दहा वर्षं डोळा ठेवून आहे मी तिच्यावर, तुला माहीत नाही? दर रविवारी तुझ्या मागून चालवताना जीव जातो माझा."

रूलोफला हे खरोखरच माहीत नव्हतं. आल्डर्टसारखा मोकळा माणूस दहा वर्षं त्याच्यावर जळतो आहे आणि तरी पाठीवर थाप मारतो आहे, हे त्याला नवीन होतं. तो घरी गेला, दोन दिवस विचार केला. शनिवारी त्याने सोळा वर्षांची आपली गाडी धुतली, पुसली, आल्डर्टच्या अंगणात उभी केली आणि किल्ली दिली. परत येताना हिरव्या गुझीवर त्याचे गुडघे कोपरांना लागत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हेल्मेटची काच खाली असल्याने त्याला ते वाऱ्याचं म्हणता आलं नाही.

यान्तिना बागेत होती. त्याने गाडी उभी केली आणि किल्ली तिच्यासमोर धरली.

"तुझी," तो म्हणाला.

तिने किल्लीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "तुझी कुठे आहे?"

"आल्डर्टकडे."

ती खाली बसली, तिथेच कोबीच्या वाफ्याच्या कडेला. रूलोफला वाटलं ती रडणार. ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. "अरे देवा," ती म्हणाली. "आता तू काय चालवणार?"

"बघीन काहीतरी."

हसू थांबल्यावर तिने हातांची माती झटकली. आवाज मऊ होता, पण म्हणाली ते स्पष्ट म्हणाली. "मला नको ती, रूलोफ. माझी गाडी आहे. ती मी निवडलीय, मी चालवून बघितलीय. तुझ्या पश्चात्तापावर बसून मी फिरायची नाही. तूच चालव."

"मला लहान होते ती."

"दिसतंय ते," यान्तिना म्हणाली, आणि पुन्हा हसली.

अशा रीतीने रूलोफ एफ्टिंग, सहा फूट चार इंच, रविवारी सकाळी हिरव्या गुझीवरून लम्मीच्या कॅफेसमोर आला. सर्कशीत अस्वल सायकल चालवतं तसा. क्लबला हसू आवरेना. लम्मीने विचारलं, लहान खुर्चीही देऊ का. आल्डर्ट काळ्या बीएमडब्ल्यूवर राजासारखा बसला होता आणि रूलोफला ते बघवत नव्हतं. पण त्याने कॉफी घेतली, केक खाल्ला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ही गाडी यान्तिनाने निवडली होती आणि मी खोटं बोलून तिला घेऊ दिली नाही. तेरा माणसं खाली बघायला लागली. तिथे अशा गोष्टी चारचौघांत कुणी बोलत नाही. आल्डर्टच तेवढा म्हणाला, "हं. म्हणून हसत होतास होय." यान्तिना त्या रविवारपासून परत येऊ लागली, आपल्या होंडावर, मधल्या रांगेत.

काही आठवड्यांनी दोघांत पुढे कोण जायचं याचा प्रश्न आपोआप सुटला. ऑगस्टमध्ये दोघंच जर्मनीतल्या डोंगरांकडे गेली. ड्रेंथमध्ये रस्ता सरळ असतो, तिथे कोण किती चांगला हे कळत नाही. डोंगरात कळलं. यान्तिना सात टनांची बस वळवत आली होती; वळण कुठे उघडतं, कुठे मिटतं, हे तिच्या नजरेला आधी दिसायचं. तिसऱ्या घाटात ती त्याच्यापुढे गेली आणि मग दिसेनाशी झाली. रूलोफने वेग वाढवून बघितला, एका वळणावर घाबरला आणि सोडून दिलं. आपली बायको आपल्यापेक्षा चांगली चालवते, हे त्याला त्या वळणावर कळलं, आणि ते गिळायला पुढचे वीस किलोमीटर लागले. मधे मधे गुझीचा ठेका लागायचा आणि तो तेवढ्यापुरतं विसरायचा.

वरती एका खाणावळीपाशी होंडा उभी होती. आत यान्तिना चार जर्मन म्हाताऱ्यांबरोबर बसली होती. चौघांच्या मोटरसायकली बाहेर होत्या, आणि चौघेही तिला कुठल्या रस्त्याने आलीस, किती वेळ लागला, असं विचारत होते. तिचा चेहरा बायलनच्या अंगणातल्यासारखाच होता. आता मात्र तो त्याला समोरून, उजेडात आणि हवा तेवढा वेळ दिसत होता. तो दारात घटकाभर थांबला, मग आत गेला.

तो तिच्या शेजारी बसला. "मला अजून जळायला होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुला सांगून ठेवतो."

यान्तिना त्याच्याकडे वळली. "मग सांगत जा," ती म्हणाली. "फोन करत नको जाऊस."

तिने त्याच्यासाठी वाटाण्याचं सूप आधीच मागवून ठेवलं होतं. ते निवायला आलं होतं, तरी त्याने सगळं संपवलं. मग तिने टेबलावर नकाशा पसरला आणि दुपारचा रस्ता बोटाने दाखवला, वळणावळणांचा, लांबचा. रूलोफने मान हलवली आणि हातमोजे उचलले.